उघडा पत्रा आणखी किती दिवस उघडा राहणार आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी गाडी पूर्ण खोलली आहे. दोन दरवाजे, बॉनेट आणि पुढची मडगार्डं रंग उतरवून पार पत्र्यापर्यंत आणली आहेत. इंजिनाचा ब्लॉक होनिंग होऊन, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासून, परत आलाय, क्रँकशाफ्ट मेजावर पडलाय, नव्या ब्रेक डिस्क खोक्यात आहेत आणि रंगकाम सुरू व्हायला अजून सहा-आठ महिने आहेत. तोवर गंज चढू नये म्हणून एकाने इंजिन ऑइल चोपडायला सांगितलं, दुसऱ्याने पारदर्शक लॅकर मारायला, तिसरा म्हणतो डब्ल्यूडी-४० पुरे. यातलं कोणतं वापरावं?

तिघांचेही सल्ले कुठे ना कुठे लागू पडतात. पण त्या भागावर पुढे काय चढायचंय, हे तिघांपैकी कुणीच तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. ज्यावर रंग बसणार त्याला तेल वैरी, जे तेलातच फिरणार त्याला रंग वैरी, आणि ब्रेक डिस्कच्या घासणाऱ्या तोंडाला दोन्ही वैरी. गाड्या खोलून पुन्हा उभ्या करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. गंजाने भाग वाया गेलेले पाहिलेत, पण चुकीचं काहीतरी चोपडल्यामुळे दुप्पट झालेलं काम त्याहून जास्त वेळा पाहिलंय. म्हणून कुठलाही डबा उघडण्याआधी मी स्वतःला विचारतो, की हे लावलेलं नंतर उतरवणार कसं? उत्तर सापडलं नाही तर डबा बंद.

आधी गंजाबद्दल दोन शब्द, कारण ते कळलं की अर्धे निर्णय आपोआप होतात. लोखंड गंजायला हवेतला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतं. पाणी म्हणजे पावसात भिजणंच नव्हे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजाला तेवढा पुरतो. त्यात मीठ मिसळलं की तोच थर वीज चांगली वाहून नेतो आणि काम झपाट्याने होतं. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइड घट्ट चिकटतो आणि खालचा धातू झाकून टाकतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि पापुद्रा उचलून खालचा नवा धातू उघडा पाडत राहतो. त्यामुळे ‘वरचा गंज राहू दे, तो आता पुढे जाणार नाही’ या म्हणण्यात काही अर्थ नाही.

मीठ येतं कुठून? बहुतेक वेळा तुमच्याच हातांतून. घासून लख्ख केलेलं बॉनेट मेजावर ठेवून, त्याला तळहात टेकवून तुम्ही मित्राशी पाच मिनिटं बोलता. त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी पत्रा तिरप्या उजेडात पाहा. पाच बोटं आणि तळव्याचा वरचा भाग, तांबूस रंगात, हस्तरेषा वाचता याव्यात इतका स्पष्ट ठसा उमटलेला असतो. घाम पुसला जातो, मीठ मागे राहतं. नायट्रिल हातमोजे हा माझ्या लेखी गंजाविरुद्धचा पहिला उपाय आहे, बाकी सगळे डबे नंतर.

आता तुमच्या एकेका वस्तूकडे वळू.

पत्रा, म्हणजे दरवाजे, बॉनेट आणि मडगार्डं. यांच्यासाठी माझं उत्तर एकच आहे: दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, आणि तोही याच आठवड्यात. तेल नको, लॅकर नको, साधा राखाडी प्रायमरही नको. साधा सरफेसर प्रायमर स्पंजासारखा असतो. तो घासायला सोपा जावा म्हणून त्यात भुकटी भरपूर घातलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. अशा प्रायमरखाली सहा महिन्यांनी गंजाचे ठिपके सापडले की लोक प्रायमरच्या कंपनीला शिव्या घालतात. खरं तर तो प्रायमर एवढे दिवस उघडा राहण्यासाठी बनवलेलाच नव्हता. इपॉक्सीचा थर घट्ट असतो, पाण्याला आत येऊ देत नाही आणि उघड्या लोखंडाला धरून बसतो.

इपॉक्सीआधीची तयारी मात्र मनापासून करा. पत्रा ८० ते १८० नंबरच्या कागदाने कोरडाच घासायचा. पाणी लावून घासू नका, कारण घासलेल्या पत्र्यावरचं पाणी तुम्ही पुसेपर्यंत केशरी झालेलं असतं. मग मेण आणि ग्रीस काढणारं द्रावण घेऊन दोन फडक्यांनी पुसायचं. एका फडक्याने ओलं करायचं आणि द्रावण वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. द्रावण जागच्या जागी वाळू दिलं तर विरघळलेलं ग्रीस पुन्हा तिथेच बसतं, फक्त जास्त पसरून. फडकी सतत बदला. एकाच चिंधीने आख्खं बॉनेट पुसणारा माणूस ग्रीस काढत नसतो, वाटत असतो.

वाळूचा मारा केलेला म्हणजे ब्लास्टिंगचा पत्रा असेल तर घाई आणखी जास्त. तो पृष्ठभाग सूक्ष्म डोंगरदऱ्यांचा असतो, म्हणजे हवेला लागणारा धातू सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक. तो सगळ्यात लवकर गंजतो आणि प्रायमरला सगळ्यात चांगला धरतो. त्याच दिवशी प्रायमर मारता येणार नसेल तर ब्लास्टिंग करून आणूच नका.

इपॉक्सीला दोन पथ्यं आहेत. एक, त्यावर पुढचा थर कधीपर्यंत मारायचा याची मुदत असते आणि ती उत्पादकाच्या पत्रकात लिहिलेली असते. तुम्ही ती नक्कीच ओलांडणार. मग सहा महिन्यांनी थर नीट खरवडून, पुसून, त्यावर इपॉक्सीचा आणखी एक हात मारून पुढे जायचं. दुसरं, उन्हात इपॉक्सीची भुकटी व्हायला लागते, म्हणून दरवाजे उन्हात टेकवून ठेवायचे नाहीत. आणि इपॉक्सीखाली एच (etch), म्हणजे ॲसिडने पत्रा किंचित खाऊन पकड धरणारा, प्रायमर मारायचा मोह टाळा. एच प्रायमरमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं, इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये, म्हणजे त्याला कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, बहुधा अमाइन नावाचं अल्कधर्मी रसायन असतं, आणि त्या दोघांचं पटत नाही. एकाच कंपनीने दोन्हीची जोडी लेखी मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी.

पारदर्शक लॅकरबद्दल मला दरवेळी विचारणा होते, कारण चकचकीत पत्रा दिसायला देखणा असतो आणि तो तसाच राहावा असं कुणालाही वाटतं. राहत नाही. गुळगुळीत पत्र्यावर लॅकरची पकड कमी असते, त्यात गंज रोखणारं रंगद्रव्य नसतं आणि एखादा चरा पडला की ओल त्यातून आत शिरते. मग लॅकरच्या खाली धाग्यासारख्या, वळणावळणाच्या तांबूस रेषा पसरत जातात. त्या पुसता येत नाहीत, कारण त्या काचेच्या पलीकडे असाव्यात तशा असतात. शेवटी सगळं लॅकर उतरवून पहिल्यापासून सुरुवात.

आता पत्र्यावर तेल का नको. हे मी स्वतः करून बसलोय. काम शिकायच्या काळात एका दरवाजाला मी पातळ तेल मनसोक्त चोळून ठेवलं होतं. पत्रा चार महिने आरशासारखा राहिला, मी खूश. रंगाच्या वेळी तीनदा पुसला, प्रायमर मारला, तो छान बसला. मग रंगाचा पहिला हात मारला आणि दरवाजाच्या खालच्या कडेने माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उमटत गेले, एकामागून एक, माझ्या देखत. दरवाजाचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, त्या घडीत तेल शिरून बसलं होतं. रंग सुकवायला दिवे लावले तशी घडी तापली आणि तेल बाहेर आलं. सपाट जागेवरचं तेल पुसता येतं, घडीतलं आणि जोडातलं निघत नाही. सिलिकॉन असलेला स्प्रे तर रंगाच्या खोलीच्या आसपासही आणू नका.

आणि हो, ज्या भागांचा रंग अजून उतरवला नसेल, ते तसेच राहू द्या. हातात घ्याल त्याच आठवड्यात उतरवा. जुना, ओबडधोबड, तीनदा मारलेला रंगही उघड्या पत्र्यापेक्षा बरा.

आधीच ठिपके आले असतील तर? घासून लख्ख धातूपर्यंत जाता येत असेल तर तेच करा. खड्ड्यांत गंज शिल्लक राहत असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण कामाचं आहे. ते गंज विरघळवतं आणि लोखंडावर करड्या रंगाचा फॉस्फेटचा थर सोडतं. ही युक्ती जुनी आहे, इंग्लंडमध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण फॉस्फेटचा थर स्वतः सच्छिद्र असतो, तेल किंवा रंग धरून ठेवणं हे त्याचं काम, एकट्याने गंज थोपवणं नव्हे. आणि ॲसिड पत्रकात सांगितल्याप्रमाणे पूर्ण काढलं नाही तर इपॉक्सी त्यावर नीट कडक होत नाही. टॅनिक ॲसिडचे ‘रस्ट कन्व्हर्टर’ गंजाचा निळसर काळा थर करतात, पण त्यांना काम करायला गंज लागतो. लख्ख पत्र्यावर ते लावण्यात काही मिळवलं जात नाही.

इंजिनाच्या भागांचा न्याय उलटा आहे. इथे तेलच हवं, फक्त कोणतं आणि कधी ते महत्त्वाचं.

होनिंग होऊन आलेल्या ब्लॉकच्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या गोल पोकळीत, दगडाची बारीक कच बसलेली असते. ती केरोसीनने किंवा थिनरने निघत नाही, उलट आणखी आत दडते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ताठ ब्रश, हेच औषध. नुसत्या बिडाला गरम पाणी म्हटल्यावर लोक दचकतात, आणि दचकायलाच हवं. म्हणून धुण्याआधी तेलाची बाटली, पांढरं फडकं आणि हवेची नळी हाताशी हवी. धुतलं, हवेने फुंकलं, लगेच तेल. मी एकदा चार बोअर धुऊन पहिल्यात तेल फिरवत असताना फोन वाजला. दोन मिनिटं बोललो असेन. परत आलो तर पहिला बोअर रुपेरी आणि चौथा पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा. सुदैवाने तो गंज कोवळा होता, तेलाच्या बोळ्याने निघाला. तेव्हापासून ब्लॉक धुताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. तेल लावल्यावर पांढऱ्या फडक्याने बोअर पुसून पाहा. फडक्यावर करडा डाग येत असेल तर कच अजून आत आहे, पुन्हा धुवा. डाग यायचा थांबला की धुणं झालं.

आता सहा-आठ महिन्यांचं. साधं इंजिन ऑइल उभ्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरतं आणि वर नुसता ओशटपणा राहतो. काही आठवडे ते पुरेल, आठ महिने नाही. त्यासाठी साठवणुकीचं गंजरोधक तेल मिळतं, किंवा कॉस्मोलाइनसारखं मेणाळ ग्रीस. ते काढायला किचकट आहे हे खरं, पण इथे काढायची वाट स्पष्ट आहे: सॉल्व्हंट, मग साबणाचं पाणी, मग ताजं तेल. क्रँकशाफ्टच्या जर्नलना, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांना, तेच लावा. तेलाच्या भोकांतही जाऊ द्या आणि जोडणीआधी ती भोकं ब्रशने साफ करायची आहेत हे विसरू नका. नव्या बेअरिंगची पाकिटं मात्र अजिबात फोडू नका, आतला कागद तुमच्यापेक्षा हुशार आहे.

तो कागद म्हणजे व्हीसीआय. त्यातून गंज रोखणारी वाफ हळूहळू निघते आणि बंद पिशवीत धातूच्या प्रत्येक कानाकोपऱ्यावर जाऊन बसते, ब्रश पोहोचत नाही तिथेही. पुढे रंग किंवा गोंद लागणार असलेल्या छोट्या भागांसाठी मला याहून सोयीचं दुसरं काही माहीत नाही, कारण उतरवायचं जवळपास काही नसतंच. अट एवढीच की भाग आधी स्वच्छ आणि कोरडा हवा आणि पिशवी खरंच बंद हवी. तोंड उघडं राहिलं की वाफ निघून जाते आणि मागे राहतो साधा कागद. तांबं-पितळ सोबत असेल तर तो कागद त्यांनाही चालतो का ते वाचून घ्या, काही प्रकार फक्त लोखंडासाठी असतात.

जळकं, वापरलेलं इंजिन ऑइल कुठेही लावू नका. फुकट मिळतं म्हणून फार लोक वापरतात. त्यात जळणातून आलेली आम्लं असतात, ओल असते, काजळी असते. ज्याच्यापासून धातू वाचवायचा तेच त्याला चोळण्यासारखं आहे. शिवाय ते कातडीलाही घातक.

डब्ल्यूडी-४०बद्दल विचारलंय म्हणून सांगतो. नावातच उत्तर आहे: डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. १९५३ मध्ये रॉकेट केमिकल कंपनीत चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं हे पाणी हटवणारं मिश्रण, आणि त्याचा पहिला उपयोग ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यासाठी झाला. निळ्या-पिवळ्या डब्यातला मूळ स्प्रे पाणी हटवण्यात आजही पटाईत आहे. धुतलेल्या स्पॅनरवर, भिजलेल्या बिजागरीवर जरूर मारा. पण मागे राहणारा थर फारच पातळ, म्हणून बंद खोलीत काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा भरवसा. त्याच नावाखाली जास्त काळ टिकणारे जाड थराचे वेगळे स्प्रेही आहेत. डब्यावरचं नीट वाचून घ्या.

ब्रेक डिस्कवर तुम्ही काहीच करायचं नाही. कारखान्यातून तेल लावून आल्या असतील तर तशाच पिशवीत राहू द्या आणि बसवायच्या दिवशी ब्रेक क्लीनरने धुवा. मधली टोपी आणि बाहेरची कड यांवर हवा तर उष्णता सहन करणारा रंग मारा, पण घासणाऱ्या तोंडावर झाकपट्टी लावूनच. त्या तोंडावर रात्रीत येणारा केशरी लेप पाहून घाबरू नका. डिस्क बिडाची आहे, ती गंजणारच आणि पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅड तो पुसून टाकतात. गंज येऊ नये म्हणून तिथे तेल फिरवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. पॅड तेल प्याले की फेकूनच द्यावे लागतात, धुऊन उपयोग नाही. ब्रेक क्लीनरवरून एक सावधगिरी: त्यातला क्लोरीनयुक्त प्रकार वापरलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका. तापल्यावर त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू निघू शकतो. डबा घेतानाच क्लोरीन नसलेला घ्या, म्हणजे डोक्याला ताप नाही.

नट-बोल्टांच्या बाबतीत लोकांची हौस नडते. जुने बोल्ट तारेच्या चाकावर धरून चमकवले की वर उरलेला जस्ताचा मुलामाही जातो, आणि तो बोल्ट महिन्याभरात आधीपेक्षा जास्त गंजलेला दिसतो. मुलामा शाबूत असेल तर नुसतं धुऊन, तेलात बुडवून, पिशवीत घाला. मुलामा गेला असेल तर पुन्हा चढवून घ्या. मात्र १०.९ आणि १२.९ असे आकडे असलेले बोल्ट आणि स्प्रिंगा ॲसिडच्या टाकीत किंवा विजेच्या टाकीत टाकताना जपा. तिथे तयार होणारा हायड्रोजन अशा कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. मुलामा चढवणाऱ्याला बोल्टची जात आधीच सांगा, म्हणजे तो नंतर ते काही तास भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढेल. घरी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरीचा चार्जर लावून गंज काढणार असाल तर दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. आणि खिडक्या उघड्या ठेवा. चाकाच्या नटांच्या आट्यांना तेल लावू नका, पान्याला जोर तेवढाच लावला तरी आवळ जास्त बसतो.

सिल (दरवाजांखालची पोकळ पट्टी) आणि बॉक्स सेक्शनच्या पोकळ्यांना मेण मारायचं ते रंगकाम संपल्यावर. आधी मारलं तर वेल्डिंगच्या वेळी पेट घेतं. पाणी निघायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, ते तार घालून पाहा. खालच्या बाजूच्या आर्म आणि ब्रॅकेटना लॅनोलिनचं, म्हणजे लोकरीतल्या मेणाचं ग्रीस चांगलं. ते कडक होऊन तडकत नाही. रबरी बुश मात्र वाचवा, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. जुनी माणसं जवसाचं तेलही लावतात आणि ते वाईट नाही, पण त्याच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

राहिली जागा. रात्री थंड झालेला ब्लॉक आणि सकाळी दार उघडल्यावर आत आलेली ऊबदार दमट हवा, यांची गाठ पडली की दव धरतंच, छप्पर कितीही पक्कं असो. त्यामुळे ब्लॉक फरशीवर ठेवू नका, लाकडावर घ्या. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं असेल तर आत व्हीसीआय कागद किंवा सिलिका जेल हवंच, नाहीतर ओलही आतच कोंडली जाते. त्यापेक्षा वर सुती चादर बरी. सिलिका जेल ओलं झालं की साधारण १२० अंशांना दोनेक तास भाजून पुन्हा वापरता येतं. खोलीत आर्द्रतामापक लावा. काटा ५० च्या खाली राहत असेल तर या सगळ्या उपायांवरचा भार निम्मा होतो. महिन्यातून एकदा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून फिरवा. समोरून न दिसणारा ठिपका तिरप्या उजेडात लगेच सापडतो.

आणि प्रत्येक भागाला तारेने एक चिठ्ठी बांधा: काय लावलंय, कधी लावलंय, कशाने निघेल. आठ महिन्यांनी मेजावर एकसारख्या दिसणाऱ्या तेलकट वस्तू मांडलेल्या असतात. त्यांतल्या कुठल्या पुसून थेट बसवायच्या आणि कुठल्या आधी सॉल्व्हंटमध्ये बुडवायच्या, हे तेव्हा चिठ्ठीवरूनच कळतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई तेलात फुटते.